माळ उतरवलेल्या आईविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका वारकरी घराच्या माहेरवाशिणीने आपल्या आईविषयी लिहिले आहे. आई ६४ वर्षांच्या, लग्नाआधीपासून माळकरी, अनेक वर्षे पायी वारी केलेल्या. भावाच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. अडीच वर्षांच्या उपचारांनंतर तो बरा झाला असे वाटत असतानाच आजार उलटला, आणि आठ महिन्यांपूर्वी, दिवाळी सरल्यावर, वयाच्या नवव्या वर्षी तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याला फार वेदना झाल्या. दहाव्याच्या दिवशी आईंनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि तेव्हापासून त्या देव्हाऱ्यापुढे गेलेल्या नाहीत. वडिलांना हे अशुभ वाटते. भाऊ पूर्वीपेक्षा अधिक पूजाअर्चा करू लागला आहे. नात्यातले एक कीर्तनकार घरी येऊन प्रारब्ध समजावून गेले, आणि त्या दिवसापासून आईंनी चार माणसांत बसणेही सोडले. हे नैराश्य आहे का, त्यांना पुन्हा श्रद्धेकडे कसे आणावे, या आषाढीला पंढरपूरला न्यावे का, आणि आपल्या सहा वर्षांच्या मुलीला आजीबद्दल काय सांगावे, असे लेकीचे प्रश्न आहेत.

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातील वेदना आणि इतर त्रास कमी करण्याच्या शाखेत, बरीच वर्षे डॉक्टर म्हणून काम करते आहे. रुग्ण गेल्यानंतर घरच्या माणसांना भेटत राहणे हाही आमच्या कामाचाच भाग असतो. त्या अनुभवावरून आधी सर्वांत महत्त्वाचे सांगते. श्रद्धा गमावणे हा आजार नाही, आणि श्रद्धा परत आणणे हा उपचार नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीत १९९४ साली ‘धार्मिक वा आध्यात्मिक प्रश्न’ अशी स्वतंत्र नोंद घालण्यात आली. श्रद्धा डळमळणे किंवा जाणे याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती नोंद आजारांच्या यादीत नसून, आजार नसतानाही ज्यासाठी मदत लागू शकते अशा गोष्टींच्या यादीत आहे. तुमच्या आईंना नैराश्य असू शकते, नसूही शकते. ते तपासायला हवे. परंतु त्यांनी माळ काढली हे नैराश्याचे लक्षण धरू नका, आणि उद्या त्यांनी ती पुन्हा घातली तर सारे ठीक झाले असेही समजू नका.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मी थोडा बदलून घेते. आईंना श्रद्धेकडे कसे आणावे, यापेक्षा आईंना आत्ता नेमके काय सोसावे लागते आहे आणि त्यातले काय हलके करता येईल, हे पाहणे उपयोगाचे आहे. बाहेरून एकच दिसणाऱ्या या दुःखात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात: डोळ्यांनी पाहिलेल्या वेदना, नातवाला दिलेला शब्द, आणि नंतर ऐकावी लागलेली स्पष्टीकरणे.

पहिली गोष्ट वेदनांची. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांच्या चळवळीचा, पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६० च्या दशकात मांडले की मरणासन्न माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. तिच्यात मनाची, नात्यागोत्याची आणि जगण्याच्या अर्थाची वेदना मिसळलेली असते. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले ते याच विचारावर. हे मांडताना त्यांनी क्रम मात्र सोडला नाही: आधी शरीर दुखायचे थांबवा, मग बाकीचे बोलता येते. कामातला एक रुग्ण सांगते, म्हणजे हे लक्षात येईल. गालाच्या कर्करोगाचा, पन्नाशीतला शेतकरी होता. तोंड उघडत नव्हते, त्यामुळे जे सांगायचे ते तो मुलाच्या जुन्या वहीत लिहून दाखवी. रात्ररात्र गुडघ्यात डोके घालून बसलेला असे. घरच्यांनी उशाशी खंडोबाची तसबीर ठेवली होती; ती त्याने बायकोला भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावली. बायको हवालदिल झाली होती, आणि नवऱ्याच्या दुखण्यापेक्षा तिला त्या तसबिरीचीच धास्ती अधिक वाटत होती. आम्ही तसबिरीबद्दल काही बोललो नाही. मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाच्या गोळ्यांची पूड करून दर चार तासांनी नळीतून द्यायला सुरुवात केली, झोप मोडू नये म्हणून रात्रीचा डोस दुप्पट केला, बद्धकोष्ठाचे औषध सोबत जोडले आणि डोस बसेपर्यंत रोज मात्रा पाहत राहिलो. तो झोपू लागला. जाग आल्यावर त्याने वहीत पहिली गोष्ट लिहिली ती विहिरीच्या वाटणीची, दुसरी मुलीला सासरहून बोलावण्याची. शेवटचे काही आठवडे त्याने घरच्यांसोबत बरे काढले. तसबीर तो जाईपर्यंत भिंतीकडेच तोंड करून होती; ती सरळ करा असे त्याने कधी लिहिले नाही, आणि बायकोनेही पुढे तो विषय सोडून दिला. श्रद्धा परत आली नाही आणि तरीही शेवट शांतपणे झाला, असे मी अनेकदा पाहिले आहे. श्रद्धा अखेरपर्यंत अढळ राहिली पण वेदनेवर औषध मिळाले नाही, म्हणून शेवट भयंकर झाला, असेही पाहिले आहे.

तुमच्या आईंनी नातवाच्या शेवटच्या दिवसांत जे पाहिले ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नसणार. लहान मुलाच्या हाडांत पसरलेल्या आजाराची वेदना पाहणे ही माणसाच्या वाट्याला येणारी फार कठीण गोष्ट आहे. ती वेदना बव्हंशी टाळता येण्याजोगी होती, हे मी तुम्हाला सांगितले तर त्रास होईल, पण सांगणे मला आवश्यक वाटते, कारण घरात सध्या ती देवाच्या खात्यावर मांडली जात आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्याकडे मॉर्फिन ठेवणेच रुग्णालयांना नकोसे झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ मोकळी झाली, तरी कितीतरी जिल्ह्यांत ते औषध आणि ते देण्याची सवय असलेले हात आजही सहज मिळत नाहीत. त्या मुलाला झालेल्या वेदनेमागे कोणाची इच्छा नव्हती, कोणाची शिक्षा नव्हती आणि घरच्यांची चूकही नव्हती. औषध वेळेवर पोहोचले नाही. हे ऐकल्यावर आईंची श्रद्धा परतेल असे मी म्हणत नाही. मात्र ‘का?’ या प्रश्नाचा जेवढा भाग माणसांच्या व्यवस्थेचा आहे, तेवढ्याचे तरी खरे उत्तर त्यांना मिळेल.

रात्री दचकून जाग येणे, त्या खोलीचे किंवा त्या कण्हण्याचे चित्र अचानक समोर येणे, रुग्णालयाच्या रस्त्याने जाणे टाळणे, स्पिरिटच्या वासाने घाबरे होणे, असे काही त्यांना होत असेल तर ते आघाताचे परिणाम आहेत आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशक गाठा. जाताना ‘आईने देव सोडला’ अशी तक्रार घेऊन जाऊ नका. ‘आईला झोप लागत नाही आणि तेच ते दिसत राहते’ ही तक्रार घेऊन जा.

दुसरी गोष्ट शब्दाची. तुमच्या मजकुरात एक वाक्य ओझरते आले आहे: उपचार चालू असताना आई नातवाला रोज सांगत असत की विठोबा तुला बरा करणार आहे. सगळ्या घटनाक्रमात मला हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. श्रद्धा गमावलेल्या आजी-आजोबांशी आणि आईवडिलांशी बोलताना वरचा राग ओसरला की खाली पुष्कळदा हेच सापडते. देवाने आपल्याला फसवले, याहून अधिक त्यांना हे बोचत असते की आपण देवाला जामीन राहिलो आणि लेकराने आपल्या शब्दावर विश्वास ठेवला. देव्हाऱ्यापुढे उभे राहिले की तो शब्द आठवतो, म्हणून तिकडे जाणे नको होते. याला केवळ देवावरचा राग समजून समजूत घातली, तर समजूत भलत्याच ठिकाणी जाऊन पडते.

यावर बोलायचे कसे? आईंना थेट विचारता येईल, पण एकटे असताना आणि हाताला काही काम असताना, शेंगा फोडताना किंवा गहू निवडताना: ‘आई, तू त्याला काय काय सांगायचीस गं?’ एवढे विचारून थांबा. त्या रडतील, कदाचित गप्प होतील. ‘तुझी काय चूक?’ असे लगेच म्हणू नका, कारण त्याने बोलणे तिथेच खुंटते. त्यांचे पूर्ण बोलून झाल्यावर, तुम्हाला खरोखर तसे वाटत असेल तर, हे सांगता येईल: सुया टोचायच्या वेळी, पाठीच्या कण्यातून पाणी काढायच्या वेळी त्या मुलाला आजीचा आवाज आणि आजीचा हात लागत होता, आणि ती जे सांगत होती ते तो तिचे आहे म्हणून ऐकत होता. त्यात फसवणूक नव्हती. उपचार करणारे डॉक्टरही तेव्हा आशाच बाळगून होते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तशी आशा बाळगायला वैद्यकीय आधार असतो. उपचार पुरे करणारी कितीतरी मुले मोठी होऊन आपापला संसार करतात. आईंनी खोटी खात्री दिली नव्हती. जी आशा सगळ्यांना होती, ती त्यांनी आपल्या भाषेत सांगितली.

आता तिसरी गोष्ट, स्पष्टीकरणांची. आणि येथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. ‘प्रारब्ध होते’, ‘गेल्या जन्मीचे भोग फिटले’, ‘देव भक्ताची परीक्षा पाहतो’, ‘देवालाही गुणी लेकरेच आवडतात’ ही वाक्ये आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण बोलतो आणि बहुतेकांच्या मनात दुष्टावा नसतो. काय बोलावे हे न सुचल्यामुळे ती तोंडात येतात. पण ती ऐकणाऱ्या आजीच्या मनात त्यांचा अर्थ काय होतो, हे पाहा. नऊ वर्षांच्या मुलाने मागे काहीतरी पाप केले होते, असा पहिल्या दोन वाक्यांचा अर्थ होतो. माझी परीक्षा पाहण्यासाठी त्याला मारले, असा तिसऱ्याचा होतो, आणि मग तिची भक्तीच त्याच्या मरणाचे कारण ठरते. ज्या दिवशी हे समजावून सांगितले गेले त्या दिवसापासून आईंनी माणसांत बसणे सोडले, यात मला काही नवल वाटत नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यतेविरुद्ध ते दोघेही ठाम होते, प्रश्न तो नव्हता. निसर्गातल्या उत्पाताला नैतिक न्यायनिवाड्याचा अर्थ लावणे टागोरांना मान्य नव्हते. गांधीजींच्या हेतूबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण या वादात मी टागोरांच्या बाजूने आहे, आणि ते रुग्णांच्या खाटेजवळ बसून झालेले मत आहे. संकटात सापडलेल्या माणसाला जेव्हा बाहेरचा कोणी त्याच्या दुःखाचा नैतिक अर्थ सांगतो, तेव्हा मूळ दुःखावर दोषाचे ओझे चढते. तोच अर्थ त्या माणसाने आपण होऊन काढला तर गोष्ट वेगळी. ‘माझ्या नशिबात एवढेच होते’ असे म्हणून मन शांत करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना मी कधी खोडून काढत नाही. तुमच्या भावाला प्रारब्धाच्या विचाराने आधार मिळत असेल तर तो त्याचा आधार आहे. तो आईंच्या हातात कोंबायचा मात्र नाही.

आपल्याच मराठवाड्यात याहून मोठ्या प्रमाणावर हे घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती वाजतगाजत बोळवून, दमूनभागून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. ‘कालच तर देवाला निरोप दिला, आणि आज हे?’ हा प्रश्न तिथे विचारला जाणारच होता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला असाच भूकंप झाला तेव्हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता आणि चर्चे भरलेली होती. त्या एका दिवसाने युरोपात ईश्वराच्या न्यायाबद्दल पुढे कित्येक वर्षे वाद पेटता राहिला. किल्लारीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगता येते. माणसे प्रामुख्याने मेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची मातीची जड माळवदे अंगावर कोसळून. घर असे का पडले याला उत्तर होते, आणि त्या उत्तरावरून पुढची घरे वेगळी बांधता आली. माझेच मूल का, याला उत्तर नव्हते. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ न देणे हे शोकात असलेल्या माणसाजवळ बसणाऱ्याचे मोठे काम आहे. पहिल्याचे उत्तर शोधून द्यावे. दुसरा प्रश्न त्यांच्यासोबत ऐकावा, आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ असल्याचा आव आणू नये.

तुमचे घर वारकरी आहे, म्हणून आणखी एक सांगते. देवाला जाब विचारणे वारकरी परंपरेला परके नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतोबा गेले; बायको अन्न अन्न करीत मेली, हे त्यांनी स्वतः अभंगात सांगितले आहे. माझ्या लेखी देव मेला, असे स्पष्ट म्हणणारा त्यांचा अभंग गाथेत आजही आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या दिल्या आहेत. संप्रदायाने हे अभंग लपवले नाहीत; ते पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. तुमच्या वडिलांना जे अशुभ वाटते आहे, त्याबद्दल त्यांच्याशी बोलताना याचा उपयोग होईल. आईंशी बोलताना मात्र हे हत्यारासारखे वापरू नका. ‘तुकोबांवर एवढे दुःख कोसळले तरी ते शेवटी विठ्ठलापाशीच आले, मग तू का नाही?’ हे वाक्य प्रारब्धाच्या वाक्याइतकेच जखम करते. तुकोबा कोणत्या वाटेने कुठे गेले ही त्यांची गोष्ट. तुमच्या आई त्याच वाटेने जातील की नाही, हे आज कोणीही सांगू शकत नाही, त्यासुद्धा नाहीत.

श्रद्धा गमावलेल्या माणसांत मला ढोबळमानाने दोन अवस्था दिसतात आणि त्या ओळखणे उपयोगी पडते. एकीत माणूस देवावर संतापलेला असतो, त्याच्याशी मनात भांडत असतो, त्याने मला टाकले असे म्हणत असतो. दुसरीत समोर कोणी नसतेच. पूर्वी ज्याच्याशी बोलत होतो ती जागाच रिकामी झालेली असते. आईंनी माळ फेकून न देता देव्हाऱ्यात ठेवली, यावरून त्या पहिल्या अवस्थेत असाव्यात असा तर्क मनात येतो, पण केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. या दोन्हींतली अधिक त्रासाची अवस्था बहुधा पहिली असते. केनेथ पार्गमेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षे आणि त्यापुढील ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. देवाने मला टाकले, त्याचे माझ्यावर प्रेम नाही, हे सैतानाचे काम आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील, बहुतांशी ख्रिस्ती रुग्णांवरून आपल्याकडच्या शोकाकुल आजीबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि या आकड्याने घाबरून जाण्याचेही कारण नाही. त्यातून मी एवढेच घेते की हे भांडण मनातल्या मनात कुजत राहू देणे चांगले नाही. त्याला ऐकणारे माणूस हवे, न घाबरता आणि न सुधारता ऐकणारे. तुमच्या घरात आत्ता ते तुम्हीच आहात.

घरातील ताणाबद्दल. एकाच मुलाच्या मरणाने भावाची भक्ती वाढली आणि आईंची गेली, यात विसंगती नाही, आणि कोणाचे दुःख खरे आणि कोणाचे कमी असेही त्यावरून ठरत नाही. चार्ल्स डार्विन यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी २३ एप्रिल १८५१ रोजी गेली. डार्विन यांच्या शंका आधीपासूनच्या होत्या, त्यामुळे त्या एका मृत्यूने श्रद्धा गेली असे सरळ म्हणता येत नाही. पण ज्या दयाळू विश्वनियंत्यावर त्यांच्या पत्नी एमा विश्वास ठेवीत होत्या, त्याच्याकडे ते पुढे परतले नाहीत. एमा अखेरपर्यंत श्रद्धाळू राहिल्या. दोघांनी हा फरक सोबत घेऊन आणखी तीस वर्षे संसार केला. तुमच्या घरातही व्यवहाराने तोडगा काढता येईल. देव्हाऱ्याची जबाबदारी भावाने घ्यावी, आरती मोठ्याने किंवा आईंना ऐकवण्यासाठी होऊ नये, नैवेद्याचे ताट करण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये. वडिलांना वाटणारी भीती खरी आहे; त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोला, कारण नातू त्यांचाही गेला आहे आणि त्यांचे कोणी विचारलेले दिसत नाही. आणि ती माळ जिथे आहे तिथेच राहू द्या. कोणी ती उचलून आईंच्या हातात देऊ नये, नदीत सोडूही नये.

आषाढीचा प्रश्न याला जोडूनच येतो. फसवून, ‘जरा पाहुण्यांकडे जाऊ’ म्हणून गाडीत बसवून पंढरपूरला नेऊ नका. विचारा, नाही म्हणाल्या तर पुन्हा विचारू नका. मात्र माळ काढल्याने आईंचे आणखी काय गेले आहे तेही पाहा. दिंडीतल्या इतक्या वर्षांच्या मैत्रिणी, संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीची लगबग, पहाटे उठण्याला असलेले कारण, हे सगळे एका दिवसात थांबले. आता तिथे कोणत्या तोंडाने जायचे, हा संकोच त्यांना रोज वाटत असणार. त्या मैत्रिणींपैकी ज्या एकदोघी समंजस असतील त्यांना तुम्ही स्वतः भेटा आणि सांगा की आईकडे या, भजन नको, समजूत नको, नुसत्या बसा, पापड लाटायला घ्या, शेताचे-सुनांचे बोला. श्रद्धा नसतानाही माणसाला सोबत लागते, आणि आपल्याकडे बायकांची बरीचशी सोबत देवाच्या निमित्तानेच जमलेली असल्यामुळे देव सुटला की ती आपोआप तुटते. ही तुटलेली सोबत पुन्हा जोडून देणे तुमच्या हातात आहे. पुढे कधी त्या दिंडीत गेल्या आणि ‘मी विठोबासाठी नाही, या बायकांसाठी आले’ असे म्हणाल्या, तर त्यावर कोणी अर्थ लावत बसू नये.

तुमच्या मुलीला खरे आणि थोडके सांगा. ‘आजीला दादाची फार आठवण येते, तिला फार वाईट वाटते आहे, म्हणून तिला आत्ता पूजा करावीशी वाटत नाही’ एवढे सहा वर्षांच्या मुलीला पुरते. आजी देवावर रागावली आहे का, असे तिने विचारले तर ‘हो, कदाचित’ म्हणायला हरकत नाही. दादाला देवाने नेले किंवा तो झोपला आहे, असे मात्र सांगू नका. या वयाची मुले ते शब्दशः घेतात, आणि मग देवाची किंवा झोपेची भीती धरतात. तो फार आजारी होता, औषधांनी बरा होऊ शकला नाही आणि त्याचे शरीर थांबले, असे सांगा. आपल्याला साधा ताप आला तर आपणही मरू का, हा तिचा पुढचा प्रश्न असेल. त्याला ठामपणे ‘नाही, तो आजार वेगळा होता’ असे उत्तर द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे, हे स्पष्ट असलेले बरे. रेंगाळलेला, माणसाला ठप्प करणारा शोक हे आता स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, अमेरिकन नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची; म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत दोन्ही कसोट्या आज वेगवेगळे उत्तर देतील. म्हणून महिने मोजण्यापेक्षा हे पाहा: जेवण तुटले आहे का, वजन उतरते आहे का, पहाटे दोन-तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होते आहे का, पूर्वी ज्यात जीव रमायचा अशा एकाही गोष्टीत रमत नाही का, ‘मीच त्याला मारले’ असे त्या धरून बसल्या आहेत का. यातले काही आठवडेच्या आठवडे चालू असेल तर तपासणी करून घ्या. या वयात थायरॉइड आणि रक्तातील लोह-जीवनसत्त्वेही पाहावीत. ‘मला घेऊन जा’, ‘मी कशाला उरले’ अशी वाक्ये आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सर्रास असतात, म्हणून ती सोडून देऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यांना एकटे ठेवू नका आणि घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी, दिवाळीनंतर त्याचा पहिला स्मृतिदिन येईल, त्याची तयारी आतापासून करा. भावाला विधी करायचे असतील तर ते त्याने करावेत. आईंना महिनाभर आधी विचारा की त्यांना त्या दिवशी काय करायचे आहे. काही जणींना त्या दिवशी वॉर्डातल्या मुलांसाठी डबा न्यावासा वाटतो, काही जणींना गावात राहायचेच नसते, काही जणींना त्याच्या वह्या-कपडे काढून बसायचे असते. त्यांनी काहीच नको म्हटले तर काहीच करू नका, पण दिवसभर कोणीतरी त्यांच्यासोबत राहा. शक्य असेल तर तुम्ही आदल्या दिवशीच माहेरी मुक्कामाला जा.